काळ्या ग्रॅनाइटपाशी अडणारा केर-फरशीचा रोबो, आणि घरचे त्याचा प्लग का काढतात?

फरशीवाला:
केर काढून फरशी पुसणाऱ्या रोबोचा नमुना पुण्यातल्या काही फ्लॅटांत चाचणीला दिलाय. वर लायडार (लेझर फिरवून आजूबाजूचं अंतर मोजणारा), बुडाशी खड्डा-काठ ओळखणारे चार इन्फ्रारेड क्लिफ सेन्सर, वेग सेकंदाला 0.3 मीटर. दारातल्या काळ्या ग्रॅनाइटच्या उंबऱ्यापाशी येऊन तो मागे फिरतो. आणि घरातली मोठी माणसं आठवड्याभरात त्याच्या चार्जिंगच्या डॉकचा प्लगच काढून ठेवतात. डोळे-बिळे लावून जरा गोड दिसेल असा केला तर फरक पडेल का?

सर्किटराव:
ग्रॅनाइटचं सांगतो. तुमचे सेन्सर प्रकाश किती परत आला तेवढंच बघतात. काळा दगड इन्फ्रारेड शोषतो, पॉलिशमुळे उरलेला भलतीकडे जातो, म्हणून सेन्सरला खाली खड्डा वाटतो. किती कमी प्रकाशाला खड्डा मानायचं ती मर्यादा उतरवून भागणार नाही. काळ्यावर चालेल इतकी उतरवलीत, तर जिन्याची खालची पांढरी पायरीही त्याला फरशी वाटेल. काही लोक सेन्सरवर पांढरा कागद चिकटवतात. जिना असलेल्या घरात तो उद्योग नको.

प्रकाश जाऊन यायला लागलेल्या वेळावरून अंतर मोजणारे टाइम-ऑफ-फ्लाइट सेन्सर लावा. त्यातला व्हीएल53एल0एक्स स्वस्तात मिळतो, पण अगदी जवळचं नीट मोजत नाही, तेव्हा बुडापासून 30-40 मिमी आत बसवा. सगळ्यांचा आय-टू-सी (सेन्सर जोडायच्या सामायिक तारांवरचा) पत्ता एकच असतो. दर वेळी चालू करताना एक्सशट (सेन्सर बंद-चालू करणाऱ्या) पिनने एकेकाला जागं करून पत्ता बदलावा लागतो.

खरी चूक पुढे होते. एक वाचन साधारण 33 मिलिसेकंदांचं. चारही एकामागून एक वाचलेत तर 132. सेन्सर चाकाच्या 40 मिमी पुढे असेल, तर तुमच्या वेगाने तेवढ्यात चाक काठावर आलेलं असतं, ब्रेक लागायचाच असतो. चौघांना सतत मोजत ठेवा, फक्त तयार आकडे उचला. उंबऱ्यावर चढताना नाक वर जातं, म्हणून नेहमीपेक्षा 60 मिमी जास्त दिसलं तरच खड्डा माना. पायरी त्याहून बरीच खोल असते.

काचेवर धूळ बसली की हा सेन्सर अंतर कमी दाखवतो, म्हणजे खड्डा दिसतच नाही. हे जास्त वाईट. रोबो उचलला की चाकाचा स्विच सुटतो. त्या वेळी सेन्सरने 'लांब' दाखवलं नाही, तर काच पुसायला सांगून मगच निघू द्या.

ओलं_फडकं:
डोळे लावू नका. तोंड दिसलं की माणसं त्याच्याशी बोलायला जातात, त्याला काही कळत नाही, आणि राग दुप्पट होतो.

बाथरूमच्या दारातून आलेलं फडकं स्वयंपाकघरात शिरलं की प्लग निघणारच, त्यात घरच्यांचं काय चुकलं? क्रम असा ठेवा: देवघर, स्वयंपाकघर, खोल्या, हॉल, सगळ्यात शेवटी संडास-बाथरूमपुढचा पॅसेज. त्यानंतर फडकं धुतल्याशिवाय आत परतायचं नाही. हा क्रम ॲपच्या सेटिंगमध्ये दडवू नका, पेटीतून निघतानाच तसाच असू द्या.

जमिनीवर पंगत बसते तिथे लायडार आंधळा. त्याचा झोत 9 सेंमीच्या आसपास फिरतो, मांडी दिसते, ताटाचा काठ खालीच राहतो. 20 मिमीचा उंबरा चढणारं यंत्र ताटावरही चढू बघतं. पुढच्या बंपरमध्ये जमिनीलगत जाणारा रेषा-लेझर हवा. रांगोळीला उंचीच नाही, तिथे नकाशावर बंदी घालणं एवढाच उपाय.

कॅमेरा टाळता आला तर टाळा. केर काढणारे रोबो बनवणाऱ्या आयरोबोट कंपनीच्या चाचणी यंत्रांनी टिपलेले घरातले फोटो, त्यात शौचालयात बसलेल्या बाईचाही, फेसबुकवर गेल्याचं 2022 च्या डिसेंबरात एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने छापलं होतं. ते चाचणीला कबूल झालेल्या लोकांच्या घरातले होते.

आणि पाठीवर खरी, दाबली की टक् वाजणारी दोन बटणं द्या: 'थांब' आणि 'जागेवर जा'. आजींनी ॲप का उघडावं?

फरशीवाला:
प्लग निघाल्यावर रोबो घरभर भटकून कुठेतरी बॅटरी संपून पडतो, तेही त्यामुळेच?

सर्किटराव:
हो. डॉकचा इन्फ्रारेड इशारा विजेवर चालतो, वीज नसली की डॉक त्याला दिसतच नाही. भारनियमनातही हेच होतं. निघतानाची डॉकची जागा नकाशात साठवा. इशारा मिळाला नाही तर जागेसमोर अर्ध्या मीटरवर, भिंतीलगत थांबून चाकं बंद, दर पाच मिनिटांनी फक्त इशारा आला का तेवढं बघायचं. यासाठी बॅटरीचे शेवटचे 15 टक्के राखून ठेवा. साफसफाई त्याआधीच थांबली पाहिजे.