हॅमस्टरच्या डब्याबद्दल
हॅमस्टर (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी) ठेवायला आणलेला पारदर्शक प्लास्टिकचा डबा हवेसाठी भोकं पाडायला ड्रिल लावताच तडकला, असं एकांनी लिहिलंय. डब्याच्या तळाशी प्लास्टिकचा प्रकार सांगणारा, आकडा असलेला त्रिकोण बघा. त्यात ६ असेल तर ते पॉलिस्टायरीन, ठिसूळच असतं. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. जरा धुरकट दिसतं, पण सहसा तडकत नाही. शिवाय नुसत्या भोकांनी भागत नाही, आत दमट होतं. झाकणाचा मधला भाग सरळ कापून काढा आणि तिथे बारीक लोखंडी जाळी नट-बोल्टने बसवा. गोंद नको, कुरतडतात. (सोल्डरिंग आयर्नने, म्हणजे डाग द्यायच्या तापत्या सळईने कापणार असाल तर गॅलरीत बसा, धूर वाईट असतो.) डबा मिळेल तितका लांबरुंद घ्या. उंचीही हवी, कारण बीळ करणारा प्राणी आहे, बेडिंग, म्हणजे तळाशी पसरायचा भुसा वगैरे, निदान १५ सेंमी लागतं. दुकानातले रंगीत दुमजली पिंजरे मला तरी अशा डब्यापुढे खेळणीच वाटतात.