बंद पडलेली टॉकीज पाडायची की तिचं सांस्कृतिक केंद्र करायचं? ग्वाल्हेरकरांनो बोला

बाडेकर
आमच्या गल्लीच्या तोंडाशी जी टॉकीज आहे (नाव मुद्दाम लिहीत नाही, मालकांच्या घरात वाटणीचं चाललंय) ती विकायला निघाल्याचं कानावर आलंय. विकली की खाली दुकानं वर फ्लॅट, हे काय सांगायला नको. परवा संध्याकाळी मुद्दाम जाऊन उभा राहिलो, तिकिटाच्या खिडकीचा तो अर्धगोल दगड अजून आहे, हात घालून घालून मधोमध खड्डा पडलाय त्याला, बोट ठेवलं तर गुळगुळीत लागतो, किती हजार माणसांनी त्यातून सुट्टे पैसे सरकवले असतील! माझं मत सरळ आहे, ही वास्तू पाडू नये, गावाचं सांस्कृतिक केंद्र करावं. उदाहरण लांब शोधायला नको, महाराज बाड्याच्या चौकातल्या टाउन हॉलला आपल्या वडिलांच्या पिढीने कायम रीगल टॉकीजच म्हटलं, तिथले पिक्चर बंद झाले तरी इमारत दुरुस्त होऊन सभागृह म्हणून उभी राहिलीच ना. मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस बघा, 1911 ला पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन, पुढे त्याचं सिनेमा थिएटर झालं, 1993 ला बंद पडलं आणि 2016 ला दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं. आपल्या शहराला युनेस्कोने 2023 मध्ये संगीताचं शहर म्हणून मान दिला. डिसेंबरात तानसेन समारोह होतो, गर्दी होते, मग बाकीचे 11 महिने या संगीताच्या शहरात पोरांनी गायचं कुठे?

इंजिनिअर_काका
भावना समजते पण मी विरोधात आहे, आणि कारणं सांगतो. टॉकीज म्हणजे नाट्यगृह नव्हे. पडद्याच्या मागे भिंतीपर्यंत जेमतेम चार-पाच फूट असतात, तेवढ्यात स्पीकर बसवायचे म्हणून. विंगा नाहीत, रंगपट नाही, नेपथ्याचा ट्रक मागून लागेल असं दार नाही. दोन अंकी नाटक करायचं तर पुढच्या सहा-सात रांगा काढून रंगमंच पुढे आणावा लागतो. दुसरं आवाजाचं. टॉकीजच्या भिंती आवाज पिऊन टाकतील अशाच केलेल्या असतात, नाहीतर संवाद घुमतात आणि कळत नाहीत. तिथे माइकशिवाय गायलात तर तुमचा स्वर तिसऱ्या रांगेत मरतो. छताचे पत्रे, वायरिंग, आग विझवायची सोय, शिवाय पार्किंग, त्या गल्लीत दोन टमटम समोरासमोर आल्या की रस्ता बंद! हे सगळं करून महिन्याला चार कार्यक्रम होणार असतील तर विजेचं बिल कोण भरणार?

नया_बाजार
काकांशी सहमत, पण माझा मुद्दा पैशाचा नाही, माणसांचा आहे. टॉकीजमध्ये कोण बसायचं ते आठवा. खाली पुढच्या बाकावर टांगेवाला, हम्माल, मधे दुकानातला नोकर, वर बाल्कनीत आपण. दार एक, मध्यंतरातले शेंगदाणेही एकाच गाडीवरचे. आता त्याचं "केंद्र" झालं की पत्रिका छापणार, दीपप्रज्वलन होणार, पहिल्या दोन रांगा राखीव, आणि तो टमटमवाला बाहेर आपली सवारी सोडून निघून जाणार. ज्या वास्तूत सगळं गाव मावायचं ती आपण शे-दीडशे मराठी घरांसाठी मागतोय का? असेल तर मला नको. नाटकासाठी दालबाजारात नाट्यमंदिर आहे, तिथल्या खुर्च्या आधी भरा.

तंबोरा
@नया_बाजार, गाणं शिकणाऱ्याच्या बाजूने ऐका. आमच्या घराच्या दोन खोल्या, खाली भाडेकरू, पहाटे षड्ज लावला की वरून बादली आपटते. ज्या गावात ग्वाल्हेर घराण्याचे हद्दू-हस्सू खाँ गायले, जिथे महाराष्ट्रातून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर पायपीट करत विद्या घ्यायला आले, तिथे आज रियाझाला शांत खोली मिळत नाही. मला 600 खुर्च्यांचं सभागृह नकोच आहे. त्या टॉकीजचा व्हरांडा, वरचा फॉयर (हॉलबाहेरचं मोकळं दालन), मॅनेजरची खोली, एवढं दिलं तरी सकाळी पाच ते नऊ दहा मुलं बसतील. आणि काका, फॉयरच्या भिंतींवर तो आवाज पिणारा थर नसतो. दगड आणि चुना आहे, स्वर छान फिरतो, मी लहानपणी मध्यंतरात तिथे शिट्टी वाजवून पाहिलेली आहे.

मुरार_ते_पुणे
पुण्यात मंडईजवळ आर्यन थिएटर होतं, 1915 चं. 1983 ला पाडलं. आज तिथे गाड्या लागतात, नाव तेवढं वाहनतळाला राहिलंय. पार्किंगचा प्रश्न असाही सुटतो, एवढंच सांगायचं होतं.

ऑपरेटरची_लेक
मी कधी लिहीत नाही इथे. माझे बाबा याच टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. केबिनमध्ये दोन मशिनं शेजारी शेजारी, एकावरचं रीळ वीसेक मिनिटांत संपत आलं की पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका दिसायचा आणि बाबा दुसरं चालू करायचे, खाली कोणाला कळायचं पण नाही. उजेड कार्बनच्या कांड्या जाळून यायचा, त्या झिजत जायच्या तशा सारख्या जवळ आणाव्या लागायच्या. मे महिन्यात तिथे बनियनवर उभं राहणं काय असतं ते आम्ही डबा द्यायला जायचो तेव्हा बघितलंय. उरलेले तुकडे बाबा घरी आणायचे, वरून तांब्याचा मुलामा, आत काळं, मी त्यांनी अंगणात फरशीवर घर आखून टिपरी खेळायचे.
तुम्ही सगळे रंगमंच आणि रियाझाचं बोलताय, केबिनचं कोणीच नाही बोललं. केंद्र करा, जरूर करा, पण केबिन तोडून तिथे एसीचं युनिट बसवणार असाल तर माझा विरोध समजा. आणि आठवड्यातून एक दिवस पिक्चर दाखवा, दहा रुपये तिकीट ठेवा, म्हणजे नया_बाजार म्हणतात ती माणसं परत येतील.

नया_बाजार
ताई, हे पटलं. दहा रुपयांचा पिक्चर आणि पहाटेचा रियाझ एकाच छताखाली होत असेल तर मी विरोध मागे घेतो. पण राखीव रांगा नाहीत, हे लिहून घ्या.

बाडेकर
मान्य. खरं सांगतो, केबिनचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता, मी खिडकीतच अडकलो होतो. तंबोराचंही बरोबर आहे, 600 खुर्च्या भरायच्या नादात आपण कर्जात जाऊ, आधी फॉयर आणि केबिन एवढंच मागूया, मोठा हॉल कुलपात राहू दे वर्षभर, पण उभा राहू दे. मालकांपैकी थोरल्यांशी माझी ओळख आहे, रविवारी सकाळी दार उघडून देतो म्हणालेत.

इंजिनिअर_काका
रविवारी मी येतो, टेप घेऊन. छताची कैची (पत्रे पेलणारा लोखंडी सांगाडा) गंजली असेल तर तिथल्या तिथे तोंडावर सांगेन, वाईट वाटून घेऊ नका. फॉयरपुरतं असेल तर खर्च आवाक्यात येऊ शकतो हे कबूल. पार्किंगचं मात्र अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. ताई, बाबांना जमत असेल तर त्यांना आणा, मेन स्विच कुठे होता ते त्यांनाच माहीत असणार.

ऑपरेटरची_लेक
बाबा जाऊन चार वर्षं झाली काका. पण मला माहीत आहे, जिन्याखाली, डाव्या हाताला. येते मी.