पोरांना हॉटेलात आणू नका म्हणे!

मागची_सीट:
शांतताप्रिय यांनी काल लिहिलं, 'लांबच्या प्रवासाला निघालेल्यांनी लहान मुलांना हॉटेलात आणूच नये. डबा न्यावा, गाडी न थांबवता मागे भरवावं. आम्ही पैसे मोजून जेवायला येतो, तमाशा बघायला नाही.' खाली शाबासक्यांची रांग. दोन ओळींत भागण्यासारखं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

चालत्या गाडीत भरवा? साहेब, तुम्ही कधी भरवलंय? पाठमोऱ्या सीटमधल्या बाळाचा चेहरा गाडी चालवणाऱ्याला दिसत नाही. घास अडकून श्वासनलिका पूर्ण बंद झाली तर मूल ओरडत नाही, खोकतही नाही. गप्प होतं. आणि गाडीतलं मूल गप्प झालं की आपण काय म्हणतो? 'झोपला वाटतं.' अख्खं द्राक्ष, शेंगदाणे चार वर्षांखालच्या मुलाला घरी समोर बसवूनसुद्धा देऊ नका म्हणून बालरोगतज्ज्ञ कंठशोष करतात. तुम्ही ते भरधाव गाडीत, धक्के खात द्यायला सांगताय.

आता डबा. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये राहिलं की जंतूंची चंगळ. म्हणून दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या पुढे असेल तर एकच तास. उन्हात उभी केलेली बंद गाडी तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी जास्त तापते. सकाळी भरलेला भात दुपारी उघडायचा तर बॅसिलस सेरियस या जंतूचं विष परत गरम करूनही जात नाही. नंतर पोराचं पोट बिघडलं की स्वच्छतागृह शोधत फिरायचं ते आम्ही.

आणि एवढं सगळं सोडा. सकाळपासून पट्ट्यात बांधलेलं पोर. त्याला दिवसभरात पाय मोकळे करायला मिळतात ते त्या जेवणाच्या थांब्यावर. तेही तुमच्या निवांतपणासाठी काढून घ्यायचं?

शांतताप्रिय:
भाषण छान. माझा मुद्दा मात्र सोयीनं गाळलात. माझं वाकडं पोरांशी नाही, आईबापांशी आहे. 'पाय मोकळे' कुठे होतात? टेबलांच्या मधल्या वाटेत, उकळत्या पदार्थांचा ट्रे घेऊन येणाऱ्या वेटरच्या पायात. एकदा माझ्या डोळ्यांदेखत एका वेटरनं पोराला वाचवायला स्वतःच्या हातावर रस्सा ओतून घेतला. पोराचा बाप काय म्हणाला? 'अरे बघून चालत जा ना!' वेटरला म्हणाला. पोराला नव्हे.

वेटरांच्या सहनशक्तीवर तुमचे पाय मोकळे होतात. श्वासनलिका आणि जंतू मला शिकवू नका.

गार_ताट:
वेटरबद्दल शंभर टक्के सहमत. पण दोघेही आईबाप, आईबाप करताय. आत बसल्यावर 'आईबाप' म्हणजे कोण असतं ते सांगू? बाप 'मला गाडी चालवायची आहे' म्हणून पहिल्यांदा गरम गरम जेवतो. आई एकाला भरवते, दुसऱ्याला टेबलाखालून काढते, आणि तिच्या ताटाशी पोचेपर्यंत सगळे हात धुऊन उभे. 'आवर ना, उशीर होतोय.'

सासूबाईंसमोर मी एकदाच म्हणाले, आज तुमचा मुलगा भरवेल. जी शांतता पसरली, शांतताप्रिय, तुम्हाला फार आवडली असती.

वळणावळणाचा:
ताई, चालकाला आधी खाऊ दिलं तर त्यात एवढं काय? सगळ्यांचा जीव त्याच्या हातात असतो.

पण मूळ प्रश्नच चुकलाय. लांबच्या प्रवासात पोरांना जेवायला घालायचंच कशाला? भरल्या पोटी वळणांचा रस्ता म्हणजे उलटी ठरलेली. आमच्याकडे नियम आहे, निघताना पोट रिकामं, पोचल्यावर जेवण. मधे पाणी. माझ्या धाकट्यानं एकदा हॉटेलातून निघाल्या निघाल्या पुढच्या दोन्ही सीटच्या मधल्या फटीत जे काही केलं, त्याचा वास गाडी विकेपर्यंत गेला नाही. विकत घेणाऱ्याला मी 'जुन्या गाडीचा वास आहे' म्हणून सांगितलं.

ओपीडीतून:
रिकाम्या पोटी न्या हा सल्ला देऊ नका प्लीज. उपाशीपोटीसुद्धा मळमळतं, आणि उलटी झालीच तर नुसतं पित्त पडतं. थोडं, हलकं, कमी तेलकट द्यावं. त्रास तडस लागेपर्यंत जेवण्यानं होतो.

मुळात हा पोटाचा आजारच नाही. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो, आपण हलतोय. डोळे समोरच्या सीटकडे किंवा मोबाइलकडे बघून सांगतात, सगळं स्थिर आहे. या भांडणातून मळमळ. दोन वर्षांखालच्या बाळांना बहुधा होत नाही, दोन ते बारा वर्षांच्या मुलांना सगळ्यात जास्त. तेव्हा जेवणावर खापर फोडण्याआधी मुलाच्या हातात काय होतं ते आठवा.

वळणावळणाचा:
आठवतंय. टॅब होता. त्यामुळेच तर तो शांत होता!

मॅडम, तुमची पुस्तकं बरोबर असतील. माझी गाडी, माझं पोर, माझा अनुभव. उपाशी नेलं तेव्हा उलटी झाली नाही. विषय संपला.

ओपीडीतून:
उपाशी नेलंत तेव्हा टॅब दिला होता का?

वळणावळणाचा:
नव्हता. चार्जिंग संपलं होतं. त्याचा काय संबंध?

मागची_सीट:
😂 काहीच नाही हो. राहू द्या.

आजोळ:
माझी नातवंडं उलटी करत नाहीत, कारण मी त्यांना पुढे मांडीवर घेऊन बसते. समोरचा रस्ता दिसला की पोट ढवळत नाही. आमची चार मुलं अशीच वाढली. तेव्हा ना कानाची भानगड होती ना सीटची.

ओपीडीतून:
आजी, समोरचं दिसल्यानं बरं वाटतं हे अगदी खरं. पण पुढे मांडीवर कधीच नाही. धडक बसली तर तुमचे हात त्याला धरून ठेवू शकत नाहीत, आणि एअरबॅग ज्या वेगानं फुटते त्यानं लहान मूल दगावू शकतं. बारा वर्षांपर्यंत मागेच. मागच्या सीटवर मधोमध त्याच्या मापाची सीट नीट बसत असेल तर तिथे बसवा, तिथून काचेतून समोरचा रस्ता दिसतो.

आजोळ:
मधे बसवलं की दोन्हीकडची भावंडं चिमटे काढतात. ते कोणत्या पुस्तकात आहे?

गार_ताट:
😂 आजींना माझं मत.

रात्रीचा_प्रवासी:
सरळ उलटीचं औषध द्यावं आणि झोपवून न्यावं. आमच्या बाळाला आम्ही तसंच नेतो. जेवणाचा प्रश्नच येत नाही. अर्धा चमचा.

ओपीडीतून:
बाळ किती महिन्यांचं? कोणतं औषध? कोणी लिहून दिलं?

प्रोमेथाझिन असेल तर दोन वर्षांखाली देऊच नका. श्वास मंदावून मुलं दगावली आहेत, अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००४ मध्ये त्याबद्दल कडक इशारा छापायला लावला. तुम्ही 'अर्धा चमचा' इतकं सहज लिहिलंत आणि इथे कोणीतरी ते वाचून आज रात्री देईल, म्हणून आवाज चढवून सांगतेय.

रात्रीचा_प्रवासी:
आवाज कशाला चढवताय? विचारतो आमच्या डॉक्टरांना. प्रत्येक गोष्टीत भीती घालायची सवयच असते तुम्हा लोकांना.

ओपीडीतून:
विचारा. मग मला कितीही नावं ठेवा.

शांतताप्रिय:
मी जेवताना धागा उघडला होता. हॉटेलातल्या वागणुकीवर होता. आता सगळीकडे उलटी आहे. धन्यवाद. पोरं हॉटेलात नसतानाही जेवण घालवता येतं हे सिद्ध झालं.

मागची_सीट:
मग या मुद्द्यावर. तुमची वेटरची गोष्ट मला मान्य. पळणारं पोर आणि गरम ट्रे एका वाटेत नकोत. पण उपाय 'आणू नका' नाही. आम्ही उतरल्यावर थेट आत जातच नाही. एकजण पोरांना बाहेर, गाड्यांपासून लांब, पळवून दमवतो. दुसरा आत जाऊन कडेचं टेबल धरतो, पोरांचं आधी मागवतो आणि पदार्थ आला की बिलही मागून ठेवतो. ताट समोर आल्यावर पोरं आत. बरीचशी बोंबाबोंब जेवणाची नसतेच, वाट बघण्याची असते. तीन वर्षांच्या मुलाला अर्धा तास रिकाम्या टेबलासमोर बसवून 'नीट बस' म्हणायचं? मोठ्यांना तरी जमतं का? लगेच मोबाइल काढतात.

गार_ताट:
'एकजण', 'दुसरा'. म्हणजे तुमच्याकडे दोघं काम करतात. नशीबवान.

आणि ते 'एक घास काऊचा' प्रकरण हॉटेलात तरी बंद करा. काय द्यायचं, कधी, कुठे हे मोठ्यांनी ठरवावं. त्यातलं किती खायचं, खायचं की नाही, हे मुलानं. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी हे कधीच मांडून ठेवलंय. अनोळखी जागा, अनोळखी चव, दोन ते सहा वर्षांचं पोर नवीन पदार्थ नाकारणारच. एक जेवण कमी खाल्लं म्हणून धडधाकट मूल वाळत नाही. हे पटल्यापासून मी गरम जेवते. नवरा अजून 'त्याने काहीच खाल्लं नाही गं' म्हणत असतो. म्हटलं, मग भरव तू.

वळणावळणाचा:
हे बरं आहे. मी मुलाला उपाशी नेलं तर गुन्हा, तुम्ही नेलं तर शास्त्र!

गार_ताट:
मी समोर ठेवते, तो नको म्हणतो. तुम्ही देतच नाही. फरक कळत नसेल तर कानाच्या आतला भाग तपासून घ्या.

ओपीडीतून:
जाता जाता एक. हात साबणानंच धुवा. नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, आणि प्रवासातल्या जुलाब-उलट्यांमागे हा विषाणू असू शकतो.

आणि चालकसाहेब, दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबायचं ते तुमच्यासाठीही असतं. दुपारी तसंही सुस्ती येते, त्यात पहिल्यांदा गरम गरम पोटभर जेवून स्टिअरिंगवर बसणं ही काही पोरांच्या जिवाची काळजी नव्हे. हलकं खावं. म्हणजे ताईंना आधी बसू द्यायला हरकत नाही.

गार_ताट:
हे मी छापून डॅशबोर्डवर चिकटवणार आहे.

वळणावळणाचा:
सगळे मिळून माझ्यामागे लागा. बरं, टॅब बंद करून बघतो. उलटी झाली तर गाडी धुवायला मॅडम येणार आहेत का?

शांतताप्रिय:
ठीक. 'आणू नका' मागे घेतो. 'दमवून आणा' असं वाचावं. सगळे मागची_सीट यांच्यासारखे वागले असते तर मी मूळ पोस्ट लिहिलीच नसती. वागत नाहीत, म्हणून ती काढणार नाही.

मागची_सीट:
केवढं हे मन! आभारी आहे.

नवा_बाप:
उशिरा आलो, वर सगळं वाचलं नाही. उद्या पहाटे निघतोय. हॉटेलचं बघू, पण उलटीसाठी कोणती पिशवी घ्यावी?

आजोळ:
तोंड घट्ट बंद होणारी. एकात एक दोन घालून, आणि तळाला भोक नाही ना ते पाणी भरून बघून घे.