मदत हवी आहे: लॉनचे पॉप-अप स्प्रिंकलर नीट वर येत नाहीत

नमस्कार मंडळी, जुळे सोलापुरात घर आहे, पुढं छोटंसं लॉन केलंय आणि त्यात सहा पॉप-अप स्प्रिंकलर (पाणी सोडलं की जमिनीतून वर येणारे, बंद केलं की खाली बसणारे फवारे) आहेत. मागच्या उन्हाळ्यापर्यंत झकास चालायचे, आता दोन अर्धेच वर येतात आणि मोटर बंद केली तरी एक खाली बसतच नाही, परवा लॉन कापताना मशीनचं पातं त्याच्यावर बसता बसता वाचलं बघा. बोअरचं पाणी लई जड आहे, बादलीलासुद्धा पांढरा थर बसतो, त्यामुळं मला क्षाराचाच संशय येतोय.

एकाचं नोझल (पाणी फवारणारं वरचं तोंड) फिरवून काढलं तर खालच्या जाळीत वाळू न् शेवाळ, धुतल्यावर तो जरा सुधारला. बाकीच्यांची नोझल व्हिनेगरमध्ये भिजवून ठेवली तर चालेल ना? पण वर-खाली होणाऱ्या दांड्याभोवतीचं रबर कडक झालंय, ते वेगळं मिळतं का अख्खा स्प्रिंकलरच बदलावा लागतो?

अजून एक, कोपऱ्यातला निम्मं पाणी रस्त्यावर टाकतो. इथं नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, लोकं बघून बोलतात की ओ! वरचा बारका स्क्रू आवळला तर पाणी जवळ पडायला लागलं, पण ज्या गोलात पाणी फिरतं तो गोल काही कमी होईना. मला तिथं ९० अंशच, म्हणजे पाव गोलच पाहिजे, ते कुठनं फिरवायचं? प्लंबर म्हणतो सगळे नवे टाका, मला काही पटत नाही.