मदत हवी आहे: मरुलाच्या फळांची जेली घट्ट का होत नाही?

रानवेल
आम्ही बोत्स्वानात गॅबरोनला राहतो. अंगणात मरुलाचं (इथे मोरुला म्हणतात) जुनं झाड आहे आणि सध्या खाली फळांचा सडा पडतोय. जेली करतेय, पण पाकच राहतो, घट्ट काही होत नाही. शेजारणीची अशी होते की चाकूने कापावी. ती गावी गेलीय आणि फोन लागत नाही. काय चुकतंय? लवकर सांगा, फळं नासायला लागलीत.

खारुताई
रस किती, साखर किती, उकळलं किती वेळ? फळं हिरवी की पिवळी? काहीच लिहिलेलं नाही, सांगणार काय?

आंबेमोहोर
जेलीच्या नादी लागू नका. मरुला आंब्याच्याच कुळातलं, काजू, बिब्बा, चारोळी सगळे त्याच घरातले. सरळ साखरांबा करा, लवंग-वेलची घालून. वर्षभर टिकेल.

खारुताई
आंबेमोहोर, साखरांब्याला फोडी लागतात. मरुलाचं फळ जेमतेम लिंबाएवढं, आत मोठी कोय आणि गर तिला चिकटलेला. फोडी निघणार कुठून?

आंबेमोहोर
किसून घ्या की मग. पोरीला पदार्थ खायचाय, तो जेलीच असला पाहिजे असं कुठे आहे?

विंडहुककर
नामिबियाच्या उत्तरेला या दिवसांत घरोघरी ओमागोंगो करतात. बायका अंगणात गोल करून बसतात, गाईच्या शिंगाच्या टोकाने साल फोडतात आणि रस भांड्यात पिळतात. तो आंबवला की ओमागोंगो. त्याचा तिथे सणच असतो, आणि या सणाला युनेस्कोने 2015 मध्ये वारशाच्या यादीत घेतलंय. माझं ऐकाल तर इतकी फळं आहेत तर रसच काढा.

झाडवेडा_पुणे
या झाडाचं बी पुण्यात रुजेल का? वसईला आफ्रिकेतली गोरखचिंच उभी आहे, मग हे का नको?

कायद्याचं_बोला
झाड तोडायच्या आधी चौकशी करा! दक्षिण आफ्रिकेत मरुला संरक्षित आहे, परवान्याशिवाय हात लावता येत नाही. तुमच्याकडचा नियम बघून घ्या.

रानवेल
झाड तोडायचं मी कुठे म्हटलं? उलट त्याच्या सावलीवर तर आमची दुपार निघते.
खारुताई, फळं खाली पडलेलीच घेते. झाडावर ती हिरवीच असतात, पडल्यावर पिवळी होतात. टोपलीत ठेवते, मऊ होऊन घमघमाट सुटला की साल काढते, भरपूर पाण्यात शिजवते आणि फडक्यात घट्ट पिळते. साखर रसाच्या निम्मी. घरात मधुमेह आहे.

खारुताई
आता कळलं. जेली धरते ती पेक्टिनवर (फळातला घट्टपणा आणणारा घटक), आणि फळ जितकं पिकतं तितकं ते कमी होतं. सगळी घमघमणारी घेऊ नका, तिसरा हिस्सा नुकती पडलेली हिरवट घाला. साल काढू नका. धुवा, सुरीने चीर द्या, फळं जेमतेम बुडतील इतकंच पाणी. मऊ झाली की फडक्यात बांधून रात्रभर टांगा. पिळलंत तर जेली गढूळ होते. मग वाटीला वाटी साखर, थोडं लिंबू, मोठ्या आचेवर उकळा. बशी फ्रीजरमध्ये थंड करून तिच्यावर थेंब टाका. बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडली की उतरवा. निम्म्या साखरेत नुसत्या फळाच्या जोरावर ती धरायची नाही.

आंबेमोहोर
मधुमेह म्हटल्यावरही वाटीला वाटी साखर? चायना ग्रास घाला, निम्म्या साखरेतही होईल.

खारुताई
होईल, पण टिकणार नाही. फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवावी लागेल.

सह्याद्रीवासी
हत्ती ही फळं खाऊन झिंगतात म्हणे?

विंडहुककर
ब्रिटनमधल्या ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2006 मध्ये हिशेब मांडून ते खोडून काढलंय. एवढ्या अंगाच्या जनावराला चढायला अशक्य वाटावी इतकी आंबलेली फळं लागतील.

सह्याद्रीवासी
पण 2020 मध्ये दुसरा अभ्यास आला ना. मद्य पचवायला आपल्याकडे जे जनुक आहे, ते हत्तीत निकामी झालंय. नुसतं अंगाचं माप धरून चालणार नाही.

विंडहुककर
तरी रानात झिंगलेला हत्ती कोणी मोजून दाखवलेला नाही. मी एवढंच म्हणतोय.

झाडवेडा_पुणे
माझ्या बियांचं कोणी सांगेल का?

खारुताई
यात नर झाड वेगळं, मादी वेगळी. एकच लावलंत आणि नर निघालं तर सावली मिळेल, फळ नाही. शिवाय परदेशातून बी आणायला परवानगी लागते.

रानवेल
हिरवट फळं घालून, साल ठेवून केली. रस रात्रभर टांगला होता. झाली! रंग मधासारखा, चव आंबट-गोड, पोळीशी मस्त लागते. सासूबाईंसाठी चायना ग्रासची छोटी वाटी वेगळी लावली, तीही धरली. खारुताई, आंबेमोहोर, दोघांनाही मनापासून धन्यवाद. आता कोयींचा ढीग उरलाय. आत खाण्यासारखं काही असतं का?

विंडहुककर
फेकू नका! खरा मेवा तोच. उन्हात खडखडीत वाळवा. मग सपाट दगडावर कोय उभी धरून दुसऱ्या दगडाने वरून ठोका, टोकाकडची झाकणं उडतात. आत दोन-तीन पांढऱ्या बिया असतात, त्या दाभणाने काढा. भरपूर तेल असतं त्यांत, कच्च्या खा किंवा भाजून. बोटं सांभाळा, कोय फार टणक असते.

आंबेमोहोर
आणि काजूचा चीक ज्यांच्या अंगावर उठतो त्यांनी आधी एकच बी खाऊन बघा. कूळ तेच आहे.