पॉयझन ओक, पॉयझन आयव्ही अंगावर उठलं तेव्हा काय केलंत?

रानवारा : शेजारचा मुलगा शनिवारी टिल्डन पार्कला ट्रेलवर गेला होता, आज त्याच्या पोटऱ्या बघितल्या, लालभडक आणि नुसते फोड, आणि आमचं कॅलिफोर्नियात बे एरियातलं पहिलं वर्ष आठवलं. नवऱ्याच्या हातांवर अस्संच उठलेलं, हा पॉयझन ओकच्या झुडपाजवळ गेलाही नव्हता, कुत्रा शिरला होता आणि याने त्याला कुरवाळलं. त्या झुडपाचं अंगावर उठवणारं तेल, उरुशिऑल, कुत्र्याच्या केसांवर, बुटांच्या लेसवर तसंच राहतं. तेव्हापासून ट्रेलवरून घरी आलं की आधी भांड्यांचा साबण आणि भरपूर गार पाणी, कपडे थेट मशीनमध्ये, कुत्र्याला हातमोजे घालून अंघोळ. तुम्हाला काय लागू पडलं लिहा ना.

चिमणचारा : अरेरे बिचारा. कॅलामाइन लोशन आणि गार पाण्याच्या पट्ट्या. रात्री झोप नाही लागत हो, तेच सगळ्यात वाईट

एडिसनकर : आमच्या न्यू जर्सीत पॉयझन आयव्हीची वेल. कुंपणाचं तण काढताना लागली, दोन दिवसांनी चेहरा सुजून डोळा बंद. अर्जंट केअरमध्ये स्टिरॉइडचा छोटा कोर्स दिला, गोळ्या संपल्या आणि परत उसळलं, मग स्किनच्या डॉक्टरांनी प्रेडनिसोन (तेही स्टिरॉइडच) दोन-तीन आठवडे हळूहळू कमी करत दिलं तेव्हा गेलं. डोळा, तोंड, नाजूक जागा असेल तर घरी थांबू नका प्लीज. आणि उपटलेली वेल जाळू नका!! धूर छातीत जातो.

तिखटजाळ : आजी आठवली, बिब्बा उतला की ओलं खोबरं लावायची. बिब्बा काजू आंबा सगळे या पॉयझन ओक-आयव्हीच्याच कुळातले. भावाला हापूसच्या चिकाने ओठाभोवती उठतं, तरी खातोच

नवीनच_आलेय : फोडातलं पाणी लागून बाळाला होईल का? कडेवर घेऊ की नको कळेना

रानवारा : नाही गं, त्या पाण्याने नाही पसरत. अंगावरचं तेल धुतलंयस ना, मग खुशाल घे. जिथे तेल कमी लागलं तिथे उशिरा उठतं म्हणून पसरल्यासारखं वाटतं. आणि तीन-तीन पानं एकत्र दिसली की लांब राहा, हिवाळ्यात पानं गळतात तरी काड्यांना तेल असतंच.

नवीनच_आलेय : थँक्यू ताई, जीवात जीव आला

एडिसनकर : तिखटजाळ, भावाला देठाकडचा चीक धुऊन, साल काढून फोडी करून द्या, चोखायला नको

चिमणचारा : हापूसच्या पेट्या आल्या का हो कुणाकडे यंदा? आमच्याकडे अजून केसरच