इंग्लंड दौरा : आठव्या क्रमांकावर कुलदीप की शार्दूल?

लेगस्पिनर

शुक्रवारी, २० जून २०२५ ला लीड्सच्या हेडिंग्लेवर पहिली कसोटी सुरू होतेय. २४ मेला संघ जाहीर झाला तेव्हापासून जो तो एकच विचारतोय, रोहित-कोहली कसोटीतून निवृत्त झाल्यावर फलंदाजीचं काय? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. २०२४-२५ ला ऑस्ट्रेलियात रोहितने तीन कसोट्यांत ३१ धावा केल्या. कोहलीचं पर्थचं शतक बाजूला ठेवलं तर उरलेल्या आठ डावांत ९० धावा. तरी आपण तिथे पाच कसोट्या लढलो, ते एकट्या बुमराहमुळे. ३२ बळी, सरासरी १३.०६. शेवटी सिडनीला त्याची पाठ धरली आणि दुसऱ्या डावात तो चेंडू हातात घेऊ शकला नाही. त्या दिवशी सामना गेला.

आता निवड समितीनेच सांगितलंय की बुमराह पाचही कसोट्या खेळणार नाही. मग इंग्लंडचे वीस गडी कोण बाद करणार? २०२२ ची एजबॅस्टन कसोटी आठवा. पहिल्या डावात १३२ ची आघाडी, पंत आणि जडेजा दोघांची शतकं, समोर ३७८ चं लक्ष्य. रूट आणि बेअरस्टोने ते तीन गडी गमावून गाठलं. तेव्हा फिरकीपटू अश्विन बाहेर बसला होता आणि चौथा वेगवान गोलंदाज म्हणून शार्दूल खेळत होता. आताचं इंग्लंड चौथ्या डावात लक्ष्य बघून घाबरत नाही. अशा संघाला धावा रोखून दाबता येत नाही, गडी बाद करावे लागतात.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. मनगटाचा फिरकीपटू कुलदीप पाचही कसोट्या खेळला पाहिजे. १३ कसोट्या, ५६ बळी, सरासरी २२ च्या आसपास. २०२४ मध्ये याच इंग्लंडचे १९ बळी त्याने घेतले. आणि आपण त्याच्याशी वागलो कसं? २०१९ ला सिडनीत पाच बळी घेतल्यावर पुढची कसोटी मिळाली २०२१ मध्ये. चट्टोग्रामला सामनावीर ठरला आणि पुढच्याच कसोटीत बाहेर. याचा मला मनापासून राग आहे.

खडूस मुंबईकर

राग समजतो, निष्कर्ष पटत नाही. भारतातले १९ बळी लीड्सला कामाला येत नाहीत. इंग्लंडमध्ये कुलदीप एकच कसोटी खेळलाय, २०१८ ची लॉर्ड्स. नऊ षटकं, एकही बळी नाही, आणि आपण डावाने हरलो. एका सामन्यावरून मी त्याला मोडीत काढत नाही, पण ढगाळ हवेत दुसरा फिरकीपटू चैनीचा ठरतो, हे तेव्हा दिसलं.

तुम्ही २०२२ सांगितलंत, मी २०२१ सांगतो. अश्विनसारखा गोलंदाज चारही कसोट्यांत बाहेर होता, त्यावर सगळे तुटून पडले होते. तरी चार कसोट्यांनंतर आपण २-१ ने पुढे होतो! चार वेगवान आणि जडेजा. त्यातल्या ओव्हलवर शार्दूलने ५७ आणि ६० केल्या, आणि शेवटच्या दिवशी रूटचा त्रिफळा उडवला. ११७ ला सहा गडी पडले असताना जो मैदानात उतरून ३६ चेंडूंत ५७ मारतो त्याला ‘चौथा वेगवान’ म्हणून गुंडाळून टाकू नका. गिल इंग्लंडमध्ये सहा डावांत ८८ धावा करून आलाय. सुदर्शन अजून एकही कसोटी खेळलेला नाही. अशी वरची फळी असताना आठव्या क्रमांकावर फलंदाजी येणारा माणूस लागतोच.

लेगस्पिनर

@खडूस मुंबईकर, ओव्हलचा तो शेवटचा दिवस बुमराहने फिरवला होता. पोप आणि बेअरस्टो, दोघांचेही त्रिफळे. पुन्हा तिथेच येतो आपण. तो नसेल त्या कसोटीत काय?

वैदर्भीय

दोघंही करुण नायरचं नाव घेत नाही आहात, म्हणून लिहितो. नागपूरला रणजीची अंतिम फेरी मी जामठ्याला बसून पाहिली. पहिल्या डावात ८६ वर धावबाद झाला तेव्हा अख्खं स्टेडियम गप्प झालं होतं. दुसऱ्या डावात १३५. त्या मोसमात रणजीत ८६३ धावा, विजय हजारेत ७७९. या माणसाने २०१६ ला चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ केल्या आणि पुढच्याच कसोटीत त्याला जागा नव्हती. २०१८ च्या इंग्लंड दौऱ्यात तो संघासोबत होता, तरी ओव्हलला मागून आलेल्या विहारीला खेळवलं. पुढे कर्नाटकनेही सोडलं. तो विदर्भाकडे आला, नॉर्दम्प्टनशायरकडून काउंटी खेळला. आता कँटरबरीत इंग्लंड लायन्सविरुद्ध, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या फळीच्या संघाविरुद्ध, २०४ केल्या. इंग्लंडमध्ये वापरतात तो ड्यूक चेंडू शेवटच्या क्षणापर्यंत वाट पाहून उशिरा खेळावा लागतो, आणि या संघात तो तसा खेळणारे दोघंच, राहुल आणि करुण. पहिल्या सहामध्ये तो नसेल तर देशांतर्गत क्रिकेटला काही अर्थच नाही.

आझाद मैदान

करुणबद्दल आदर आहे, पण देशांतर्गत क्रिकेटला अर्थ असेल तर सर्फराज कुठे आहे? कँटरबरीच्या त्याच सामन्यात त्याने ९२ केल्या. बंगळूरला न्यूझीलंडविरुद्ध संघ ४६ ला गडगडल्यावर दुसऱ्या डावात १५०. त्यानंतर चार डाव वाईट गेले, ऑस्ट्रेलियात एकही कसोटी मिळाली नाही, आणि आता १८ जणांतही नाव नाही. तेहतिसाव्या वर्षी करुणला दुसरी संधी मिळते याचा आनंदच आहे. सत्ताविसाव्या वर्षी सर्फराजची पहिली संधी संपली, हे मात्र मला झेपत नाही.

वैदर्भीय

@आझाद मैदान, त्या चार डावांत ११, ९, ०, १. पुण्यात आणि वानखेडेवर, म्हणजे घरी. इंग्लंडला नेण्याआधी समितीच्या मनात शंका आली तर त्यांना सरसकट दोष देता येणार नाही. पण सर्फराजच्या वाट्याला आलं तेच २०१७ मध्ये करुणच्या वाट्याला आलं होतं, म्हणून तुमचं दुःख कळतं.

लीड्सकर

सोळा वर्षं इथे राहतो, शुक्रवारची तिकिटं काढलीत. एक गोष्ट खालच्या फळीवर वाद घालणाऱ्यांसाठी. यंदाचा वसंत इथे फार कोरडा गेला. आणि हेडिंग्लेवर ढगांकडे बघून पहिल्या दिवशी काहीही वाटो, खेळपट्टी चौथ्या-पाचव्या दिवशी फलंदाजीला चांगली राहते. २०१७ ला वेस्ट इंडिजने ३२२ गाठल्या. २०१९ ला स्टोक्सने ३५९, शेवटचा गडी सोबत घेऊन. २०२२ ला न्यूझीलंडविरुद्ध २९६, २०२३ ला ऑस्ट्रेलियाविरुद्ध २५१. आपण २०२१ ला इथेच नाणेफेक जिंकून पहिल्याच दिवशी ७८ ला बाद झालो, ती जखम वेगळी. पण सपाट खेळपट्टीवर शेवटच्या डावात जुना चेंडू घेऊन कोण येणार? जडेजा एक बाजू रोखेल. दुसऱ्या बाजूने मनगटाचा फिरकीपटू मला तरी हवा.

खडूस मुंबईकर

@लीड्सकर, तुम्ही दिलेले आकडे माझ्याही बाजूचे आहेत. इथे चौथ्या डावात साडेतीनशेही गाठले जात असतील तर आपल्या दोन डावांत शंभर धावा जास्त हव्यात. त्या आठव्या क्रमांकावरून येतात. जडेजा सातवर आणि त्याखाली कुलदीप, बुमराह, सिराज, प्रसिद्ध म्हणजे सहावा गडी पडला की डाव संपला. नितीश रेड्डीने मेलबर्नला आठव्या क्रमांकावर येऊन ११४ केल्या, विसरलात?

लेगस्पिनर

विसरलो नाही. ती कसोटी आपण १८४ धावांनी हरलो.

माझे अकरा : जयस्वाल, राहुल, सुदर्शन, गिल, पंत, करुण, जडेजा, कुलदीप, बुमराह, सिराज, प्रसिद्ध. गिलबद्दल मलाही धास्ती आहे. ब्रिस्बेनला गॅबावर केलेल्या ९१ नंतर आशियाबाहेर त्याची सर्वोच्च धावसंख्या ३६ आहे. पण कर्णधार केलंय तर चौथ्या क्रमांकावर त्यालाच उतरू द्या.

खडूस मुंबईकर

माझा एकच बदल, कुलदीपच्या जागी शार्दूल. करुण सहाव्या क्रमांकावर मान्य. आणि २ जुलैला एजबॅस्टनला बुमराह बसला, तर त्या अकरांत कुलदीपचं नाव मीही लिहीन.